सहाव्या मुलाचा वाटा

भूदानाचा इतिहास आपल्याकडे दात्यांच्या नावांनी लिहिला गेला आहे. कोणी किती एकर दिली, कोणत्या सभेत दिली, देताना त्याचे मन कसे भरून आले, हे सारे लिहिलेले सापडते. मागितले कोणी, हे मात्र शोधावे लागते. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवताना ही अडचण मला दरवर्षी येते. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरी सातबारा नाही. त्यांच्याकडून दात्याचे नाव तेवढे पाठ करून घ्यायचे आणि त्यांच्यासारख्याच भूमिहीनांनी नेमके काय मागितले होते ते सांगायचे नाही, याला इतिहास म्हणता येणार नाही. श्रीमंत कुटुंबांनी समाजाला काही दिले म्हणजे सत्ताही दिली का, हा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पोचमपल्लीपासून सुरुवात केली तरी पुरे.

पोचमपल्ली हे तेलंगणातील, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातले गाव. १९५१ साली ते हैदराबाद राज्यात होते आणि १९५६ पर्यंत आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. तिथे देशमुख आणि जहागीरदार होते, इथेही होते. तिथली वेट्टी म्हणजे इथली वेठ. फरक इतकाच की तेलंगणातील शेतकरी आणि शेतमजूर १९४६ पासून हत्यार घेऊन उभे राहिले. कम्युनिस्ट नेत्यांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३,००० गावांत १० लाख एकर जमीन त्यांनी वाटून घेतली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर फौज आली आणि तिच्या मागोमाग पळालेले जमीनदारही परतले. म्हणजे जमिनीचा प्रश्न कोणा संताच्या मनात अचानक उगवला नव्हता. तो आधीच रक्ताने विचारला गेला होता.

विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पोचले आणि तिथून तेलंगणात शिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्लीत होते. तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. त्यातली ४० एकर ओलिताची आणि ४० एकर कोरडवाहू. हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यांना कोणती जमीन किती कुटुंबे पोसते, याचे पक्के ज्ञान होते. त्यांनी दया मागितली नव्हती. पोट भरेल एवढी जमीन मोजून मागितली होती. त्यावर विनोबांनी गावाला विचारले आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या इच्छेचा दाखला देऊन १०० एकर देऊ केली. पुढे त्या गावाला भूदान पोचमपल्ली हे नाव मिळाले. ज्यांच्या मागणीमुळे दान घडले, त्यांच्या मागणीची आठवण त्या नावात कुठेच उरली नाही.

रेड्डींचे दान खोटे होते, असे मला म्हणायचे नाही. शंभर एकर देणे सोपे नसते. विनोबांच्या विचारातही एक धारदार गोष्ट होती आणि ती आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ते जमीनवाल्याला सांगत, तुला पाच मुले असतील तर मला सहावा समज आणि सहावा हिस्सा दे. दान म्हणजे भीक नव्हे, समान वाटणी, असा त्यांचा अर्थ होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला घरातला वारस म्हणणे, ही या देशात लहान गोष्ट नव्हती. शिळ्यापाक्या भाकरीला ‘देणे’ म्हणणाऱ्या समाजात वारसाची भाषा प्रथमच बोलली जात होती.

पण वारस म्हणजे काय? मराठी घरात वाटण्या कशा होतात ते आपण सगळे जाणतो. धाकटा मुलगाही वाटणीला बसतो. विहीर कोणाकडे, बांध कुठून, आंब्याचे झाड कोणाचे, यावर तो भांडतो. काळी कसदार पट्टी थोरल्याने लाटली तर तो पंच बोलावतो, कोर्टात जातो. वाटा देणाऱ्याला तो ‘दाता’ म्हणत नाही, त्याचे उपकार मानत नाही. भूदानातला सहावा मुलगा मात्र वाटणीच्या बैठकीला कधी बसलाच नाही. कोणती जमीन द्यायची हे पाच भावांनी ठरवले. किती द्यायची हेही त्यांनीच ठरवले. परिणाम ठरलेलाच होता. १९५७ पर्यंत ५ कोटी एकर मिळवायची होती. पुढची कित्येक वर्षे धरूनही मिळाली सुमारे ४२ लाख. त्यातही खडकाळ माळ होते, कोर्टात अडकलेल्या जमिनी होत्या, ओढ्याकाठची वाहून गेलेली रानेही होती. कागदावर दिलेली बरीचशी जमीन वाटलीच गेली नाही. ज्याला मिळाली त्याला ती विकता येत नव्हती. शिवाय बैल, बियाणे आणि पाणी यांच्यासाठी पुन्हा त्याच वाड्याच्या दारात उभे राहावे लागत होते. जमीन हलली तिथेही गावातली सत्ता जागची हलली नाही.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला. कायद्याची चाहूल लागताच घराघरांतून वाटण्या झाल्या. मुले, सुना, पुतणे, भाचे, सगळ्यांच्या नावे सातबारे उतरले. ज्या घरांना सहाव्या मुलासाठी जागा सापडत नव्हती, त्यांना जमीन वाचवायची वेळ आली तेव्हा हवे तितके वारस सापडले. सहावा तेवढा यादीत आला नाही.

बाबासाहेबांनी या मार्गावर भिस्त ठेवली नव्हती. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि गावकऱ्यांनी ती जातिभेदाविना सामुदायिकपणे कसावी, असे मांडले. हे संविधानातच लिहिलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता, कारण बहुमताच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट हक्क होत नाही. महार वतनाचा त्यांचा अनुभव याच्या मुळाशी असावा, असे मला वाटते. वतन हीसुद्धा ‘दिलेली’ जमीनच होती. ती देऊन सरकारने आणि गावाने अख्ख्या जातीला रात्रंदिवस राबवून घेतले. ते बंद व्हावे म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाव वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. जमीन मिळाली म्हणजे माणूस मोकळा झाला असे नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

म्हणून १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांना सत्याग्रहासाठी उभे केले तेव्हा भाषाच बदलली. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांत कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या. या लोकांनी कोणाच्या वडिलांच्या आठवणीची वाट पाहिली नाही. मराठवाड्यात गायरानाच्या दगडगोट्यांतून ज्यांनी रान काढले, मार खाल्ला, उभी पिके जळताना पाहिली, त्यांच्या रेट्यामुळे १९७८ आणि १९९१ साली अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय निघाले. त्यांची अंमलबजावणी अर्धवट राहिली हे खरे. तरी ज्याच्या नावावर एक एकर झाली, त्याला ती कोणी ‘दिली’ असे तो म्हणत नाही. आम्ही काढली, असे म्हणतो. सातबाऱ्याइतकेच हे क्रियापदही मोलाचे आहे.

मग देणाऱ्याने काहीच करू नये काय? याचे उत्तर भूदानातूनच निघालेल्या ग्रामदानात थोडेफार सापडते. ग्रामदानात एकाची जमीन दुसऱ्याकडे जात नाही. मालकीच गावसभेकडे जाते. कसणारा कसत राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकण्याचा अधिकार सोडतो. आपल्याकडे यासाठी १९६४ चा ग्रामदान कायदा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली आपला बांबू आपल्याच परवान्याने विकण्याचा अधिकार मिळवला. त्यानंतर २०१३ साली तिथल्या कुटुंबांनी आपल्या खासगी जमिनीही ग्रामदानात दिल्या. इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी गावाने एकत्र बसून, सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची सवय केली, मग जंगल राखले, मग मालकी सोडली. ज्यांनी दिले तेच त्या सभेत बसतात आणि ज्याच्याकडे कमी होते तोही तितक्याच अधिकाराने बसतो. बांबू कधी तोडायचा आणि कधी वाढू द्यायचा हे तीच सभा ठरवते. जंगल टिकते ते अशा अधिकारामुळे. मालकाच्या मोठ्या मनावर ते टिकत नाही.

पण मेंढा हे आदिवासी गाव आहे. आपली गावे तशी नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर उद्गार काढले, ते अनुभवाचे होते. ज्या गावात पाणवठा वेगळा आणि स्मशान वेगळे, तिथे मालकी गावसभेकडे गेली म्हणजे पुन्हा पाटलाकडेच गेली, अशी भीती वाटणे साहजिक आहे. वनहक्काचेही तसेच. कायदा २००६ चा, पण आदिवासी नसलेल्या वननिवासींना, म्हणजे जंगलकाठच्या दलितांनाही, तीन पिढ्यांचे, ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांना गावाने कागदच ठेवू दिला नाही, त्यांनी तो आणायचा कोठून?

तेव्हा कोणी कुटुंब जमीन, पैसा वा जंगल समाजाला परत करते असे ऐकले की आपण टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कागद कोणाच्या नावे झाला? काय द्यायचे हे ठरवताना घेणारे बैठकीला होते काय? आणि उद्या घेणाऱ्याने देणाऱ्याच्या विरोधात मत दिले, तर दिलेले टिकेल काय? तिन्ही उत्तरे आपल्या बाजूची असतील, तर त्या कुटुंबाचे आपण मनापासून स्वागत करावे. नसतील, तर पोचमपल्लीच्या त्या लोकांसारखा ओलिताचा आणि कोरडवाहूचा हिशेब मांडून आपली मागणी पुढे ठेवावी. सहाव्या मुलाने आता वाटणीलाच बसले पाहिजे.