हॉथॉर्नचे दिवे : कामाची सुधारणा मोजताना झालेली गफलत

१९२४ च्या अखेरीस शिकागोला लागून असलेल्या सिसेरो येथील एका अवाढव्य कारखान्यात दिव्यांचा उजेड मोजूनमापून कमीजास्त केला जाऊ लागला. कारखान्याचे नाव हॉथॉर्न, मालक वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी. अमेरिकेतील टेलिफोनची यंत्रसामग्री येथे तयार होई. उजेड वाढला तर काम वाढते काय, एवढाच प्रश्न होता. उत्तर होकारार्थी यावे, ही विजेच्या धंद्यातील मंडळींची इच्छा लपून राहिलेली नव्हती.

उत्तर मात्र विचित्र आले. ज्या तुकडीचा उजेड वाढवला तिचे काम वाढले. ज्या तुकडीचा उजेड मुळीच बदलला नाही तिचेही वाढले. दोन कामगार स्त्रिया तर चांदण्याइतक्या मंद प्रकाशातही नेटाने काम करीत राहिल्या.

मग एप्रिल १९२७ मध्ये पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. टेलिफोनचा रिले जोडणे हे त्यांचे काम. एका रिलेत सुमारे ३५ सुटे भाग, आणि तो जोडायला साधारण एक मिनिट. तयार झालेला रिले घसरणीत टाकला की कागदी पट्टीवर आपोआप छिद्र पडे. त्यामुळे प्रत्येकीच्या कामाची नोंद मिनिटामिनिटाला होत असे. कामाच्या मोजणीची इतकी काटेकोर व्यवस्था त्या काळी क्वचितच कोठे असेल.

पुढे विश्रांतीच्या सुट्या दिल्या, त्यांची लांबी बदलली, सकाळचा अल्पोपाहार सुरू केला, कामाचा दिवस आखूड केला, शनिवारची सुटी दिली. १९२८ मध्ये या सर्व सवलती काढून घेतल्या आणि जुना ४८ तासांचा आठवडा पुन्हा लागू केला. तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन तोवरच्या सर्वोच्च पातळीला पोहोचले! कामगारांकडे आपुलकीने लक्ष दिले की काम आपोआप वाढते, ही एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभर पोहोचवलेली शिकवण याच आकड्यावर उभी राहिली.

येथे थोडे थांबायला हवे. आठवड्याचे तास वाढले होते, म्हणून आठवड्याचे उत्पादन वाढले. दर तासाचा वेग त्या काळात किंचित उतरलाच होता. पट्टीवरची छिद्रे तीच. भागाकार तेवढा बदलला की कथा बदलते.

आणखीही गोष्टी होत्या. खोलीत आल्यानंतर या तरुणींचे वेतन त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडण्यात आले. त्यापूर्वी ते कितीतरी मोठ्या विभागाच्या कामावर ठरे. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये दोघींना, फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, या कारणावरून खोलीतून हलवले आणि त्यांच्या जागी दोन चपळ कामगार आणल्या. पाचांतील दोन माणसे बदलल्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना नेमकी कोणाची? हलवलेल्या त्या दोघींना आपुलकीचा सिद्धांत फारसा पटला नसावा. १९७८ मध्ये फ्रँक आणि कौल यांनी या आकड्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले, तेव्हा वाढीचा बराचसा वाटा शिस्त, आर्थिक मंदीची धास्ती आणि विश्रांती यांच्या पदरात पडला.

१९३१-३२ मध्ये १४ पुरुष कामगारांच्या दुसऱ्या खोलीत तर मोजमापावरच मात करण्यात आली होती. जास्त काम दिसले तर कंपनी दर कापेल, ही त्यांची भीती. म्हणून दिवसाला किती काम ‘पुरे’, हे त्यांनी आपसांत ठरवले होते. जास्त झालेले काम लपवून ठेवत आणि कमी पडलेल्या दिवशी ते दाखवत. फार वेगाने काम करणाऱ्याच्या दंडावर साथीदारांचा ठोसा बसे. व्यवस्थापकांच्या वहीत मात्र सरळ, समाधानी रेषा उमटत राही.

आणि दिव्यांचे काय? ते आकडे नष्ट झाले, असे बरीच वर्षे मानले जात होते. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांना ते मिलवॉकी आणि बॉस्टन येथील ग्रंथालयांत मायक्रोफिल्मवर सापडले, आणि २०११ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून उघड झालेली गोष्ट जवळजवळ हास्यास्पद आहे. दिव्यांतील बदल बहुधा रविवारी, सुटीच्या दिवशी केले जात. त्यामुळे बदलानंतरचा पहिला दिवस सोमवार असे. हॉथॉर्नमध्ये सोमवारचे उत्पादन शुक्रवार-शनिवारपेक्षा एरवीही जास्तच असे, मग दिव्यांना कोणी हात लावो वा न लावो.

‘हॉथॉर्न परिणाम’ हा शब्दप्रयोग १९५८ मध्ये हेन्री लँड्सबर्गर यांनी रूढ केला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही शिकवला जातो.