स्प्रिंगफील्ड १९०३ : लष्करी शिलकीतील रायफलीची निवड
लष्कराच्या शिलकी रायफली शिकार व नेमबाजीसाठी नागरिकांना विकण्याची प्रथा अमेरिकेत विसाव्या शतकात रूढ झाली. त्यांपैकी ‘मॉडेल १९०३ स्प्रिंगफील्ड’ अचूकतेमुळे लोकप्रिय ठरली. तथापि १९१७ मध्ये अशा काही रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे स्फोटाचा दाब पेलणारे पोलादी सांगाडे, गोळी झाडताना फुटले. तापलेल्या पोलादाचे तापमान कारागीर केवळ रंगावरून ठरवीत. लख्ख उजेडात तो रंग फिका दिसे आणि पोलाद अतितप्त होऊन ठिसूळ बने. १९१८ मध्ये ही प्रक्रिया बदलण्यात आली. त्यामुळे स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी अनुक्रमांकाच्या रायफली वापरास असुरक्षित मानल्या जातात. लष्कराने त्या सरसकट मोडीत न काढल्याने अनेक नागरिकांच्या हाती आल्या. म्हणूनच सुबक दस्ता व स्वच्छ नळी यांपूर्वी अनुक्रमांक तपासणे, ही निवडीची पहिली कसोटी होय.