थकलेल्या भाड्याची गोष्ट



या सभागृहात काही घरमालक बसले आहेत आणि काही भाडेकरू. दोघेही एकमेकांना त्रासदायक म्हणत असतात. मी वकील नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. कायदा मी युनियनच्या कचेरीत, लोकांना त्यांचे कागद वाचून दाखवता दाखवता शिकलो. तेव्हा आज जे सांगणार ते त्या टेबलावरून दिसलेले आहे.

मुंबईत भाडेनियंत्रण आले ते पहिल्या महायुद्धात, १९१८ साली. त्याआधी तीन वर्षे, १९१५ साली, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात हजारो कामगार कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले होते. बायकांनी जिने अडवून जप्तीच्या माणसांना परत धाडले, आणि त्याच वर्षाअखेर ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठवावी लागली. युद्धात माणसे शहराकडे लोटतात, बांधकामे थांबतात आणि भाडे चढते. दुखणे दोन्हीकडे एकच. मुंबईचा तो पहिला कायदा तात्पुरता होता. दुसऱ्या युद्धाने पुन्हा तीच वेळ आणली, आणि त्यातून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा जन्माला आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, असा त्याचा कणा.

परंतु आज मला बोलायचे आहे ते त्यातल्या बाराव्या कलमाविषयी. भाडेकरू प्रमाण भाडे देतो आहे, किंवा देण्यास तयार व राजी आहे, तोवर मालकाला ताबा मागता येणार नाही, असे ते कलम म्हणे. म्हणजे भाडेकरू उद्धट आहे, जिन्यात भांडतो, सलाम करीत नाही, याची चौकशी भाड्याच्या दाव्यात उरली नाही. प्रश्न एकच : पैसे पुढे केले होते का? गिरणीतल्या माणसाला हा केवढा आधार होता, हे ज्याने मुकादमाच्या मर्जीवर दिवस काढले त्यालाच कळेल.

मग तंट्याचे रूप बदलले. थकबाकी झाली तरच घर खाली होते, असे दिसताच काही मालकांनी भाडे घेणेच बंद केले. मेहताजी महिनाअखेर फिरकेना. पावती देणे कायद्याने सक्तीचे होते; तरी ‘पावती पुढल्या महिन्यात’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे. आम्ही लोकांना सांगत असू : मनिऑर्डर करा, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून ती परत आली की तो कागद ट्रंकेत जपून ठेवा. लघुवाद न्यायालयात तो कागद साक्षीदारापेक्षा खरा ठरे.

उलट बाजूही होती, आणि ती सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. मूळ कायद्यात, भाड्याच्या रकमेविषयी तंटा नसेल आणि सहा महिने थकवून, नोटीस मिळाल्यावर एक महिन्यातही पैसे दिले नाहीत, तर घर जाई. १९८७ च्या दुरुस्तीने हे आणखी सैल झाले. दाव्याच्या पहिल्या तारखेस सारी बाकी, दरसाल शेकडा नऊ व्याज आणि खर्च भरला, व पुढे नियमित भरत राहिले, की हुकूमनामा होत नसे.

१९९६ साली लालबागच्या एका चाळीची मालकीण माझ्याकडे आली. विधवा बाई, स्वतः तळमजल्यावर राहणाऱ्या. चाळीत बत्तीस खोल्या, खोलीस भाडे एकोणीस रुपये. सारे भाडे वेळेवर आले तरी महिन्याला ६०८ रुपये. आमचाच एक सभासद वर्षभर भाडे देत नव्हता. “छत गळतं, आधी ते दुरुस्त करा,” हे त्याचे म्हणणे. “भाऊ, भाडं आल्याबिगर छत कसं करू?” हे बाईंचे. छत गळत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. पण वर्षाची बाकी २२८ रुपये आणि तिच्यावरचे व्याज अकराएक रुपये. वकिलाने बाईंकडे दाव्यासाठी मागितलेली रक्कम याच्या कितीतरी पट. दावा होणार नाही, हे त्या गृहस्थाला पक्के ठाऊक होते. आणि ते त्याला मीच शिकवले होते, कचेरीत, चहा पिता पिता.

त्या रात्री मी त्याच्या खोलीवर गेलो. गळक्या छताची तक्रार मांडायला जागा आहे, म्हटले, महापालिकेकडे जाऊ, दुरुस्ती मंडळाकडे जाऊ, मी सोबत येतो. पण भाडे रोखून तू भांडतो आहेस ते छताशी नाही. तो म्हणाला, “तुम्ही पार्टी बदलली काय, भाऊ?” मला उत्तर सुचले नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत, असा निर्णय दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात नोटिशीनंतर नव्वद दिवसांची मुदत आहे, दावा झाल्यावर समन्स मिळाल्यापासून आणखी नव्वद दिवस आहेत, व्याज शेकडा पंधरा आहे, आणि भाड्यात दरसाल चार टक्के वाढ मिळते. एकोणीस रुपयांवर चार टक्के म्हणजे शहात्तर पैसे.

त्या सभासदाने आठ दिवसांनी माझ्या कचेरीत येऊन २२८ रुपये टेबलावर मोजले. बाईंना हातात द्यायला तो तयार नव्हता. मी ते घेऊन तळमजल्यावर गेलो. बाईंनी चष्मा लावून बारा पावत्या फाडल्या, प्रत्येकीवर महिना लिहिला. त्या पावसाळ्यात छतावर ताडपत्री पडली. तिचे पैसे बत्तीसांपैकी एकोणीस खोल्यांनी दिले. त्यांत त्याची खोली नव्हती.