खोताच्या वाडीतून महामार्गाकडे

दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखली जाणारी गिरगावातली ही वाडी मोटारगाडी येण्याआधीची. इथल्या अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या दुचाकीस्वाराला मुंबईच्या नव्या रस्त्यांनी सतत वगळले. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०१३ चा पूर्व मुक्तमार्ग, २०२४ मध्ये सुरू झालेले अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग: सगळीकडे दुचाकीला बंदी. उरतात आंबेडकर रस्ता, शीव-पनवेल महामार्ग आणि जुना पुणे रस्ता. पहिली क्रूझर दुचाकी निवडायची ती या रस्त्यांसाठी, जाहिरातीतल्या मोकळ्या क्षितिजासाठी नव्हे.

महाराष्ट्रातल्या बजाजने २००१ मध्ये आणलेल्या कावासाकी-बजाज एलिमिनेटर या क्रूझरचे इंजिन १७५ सीसीचे होते. २००५ ची अ‍ॅव्हेंजर तिचीच वारस, पण बजाजच्याच पल्सरचे इंजिन घेतलेली. त्यामुळे ती आवाक्यात आली. पुढच्या २२० सीसी अ‍ॅव्हेंजरची बैठक ७३७ मिलिमीटर उंच, वजन सुमारे १६३ किलो. २०२० च्या मेटिऑर ३५० या मोठ्या इंजिनाच्या क्रूझरचे वजन १९१ किलो. लालबागच्या कोंडीत, पाय टेकत पुढे सरकताना, हा फरक मनगटांना आणि गुडघ्यांना जाणवतो.

मोठे इंजिन ओव्हरटेक करताना सुरक्षित, हा आक्षेप खरा आहे. पण चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि तेवढ्याला २२० सीसी पुरते. रोज पनवेलपलीकडे जाणाऱ्याने मेटिऑर घ्यावी. बाकीच्यांनी हलकी, बुटकी आणि एबीएस असलेली गाडीच घ्यावी.