उंदीर पडला की…

'उंदीर पडला' म्हणजे उंदीर मेला, आता घर सोडा. आमच्या पणजीच्या काळातला हा शब्दप्रयोग आजीच्या तोंडून मी ऐकला. मग माळावर झोपडी घालून राहायचं.

१८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत. धान्याच्या वखारींचा भाग, उंदरांचं माहेरच. पुढल्या वर्षी पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरं धुतली, सामान जाळलं, माणसं उचलून नेली. (देवघरातही शिरले, हे निराळंच.) उंदीर भिंतीतच राहिले.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. त्याचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत, प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून प्रयोग झाले, तेव्हा कुठे ते पटलं.

मला यातली खरी मेख वाटते ती अशी: उंदीर मेला की त्याचं गार पडलेलं अंग पिसू सोडते आणि ऊब शोधत निघते, माणसाचीही चालते. म्हणजे पिसवा राहू देऊन नुसते उंदीर मारणं जोखमीचंच. पणजीच्या पिढीला पिसवेचं काहीच ठाऊक नव्हतं. पण पिसू ऊब शोधत निघे तेव्हा ती माणसं माळावर असत.