दोनशे वीस वजा मी

साठाव्या वाढदिवसाला चिरंजीवांनी मला सायकल भेट दिली आणि तिच्याबरोबर छातीला बांधायचा एक पट्टा. हा पट्टा हृदयाचे ठोके मोजतो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे चुगली करतो. सोबतच्या पुस्तिकेत एक गणित होते. २२०मधून वय वजा करा. उरतील ते तुमच्या हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके. सराव करायचा तो त्यांच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर. माझे उत्तर आले १६०. जन्मात पहिल्यांदा गणित चटकन सुटले, तेव्हाच खरे तर संशय यायला हवा होता!

तिसऱ्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात घड्याळाने १६८ आकडा दाखवला. कमाल १६० आणि ठोके १६८! कमालच झाली म्हणायची! मी सायकल आडवी टाकून दगडावर बसलो. लॉकरची किल्ली कुठे ठेवलीय ते हिला सांगितलेय का, एवढाच विचार डोक्यात. पाच मिनिटांनी ठोके शंभरावर आले आणि मला सडकून भूक लागली.

घरी येऊन ही कथा सांगितली. हिने शांतपणे विचारले, ‘‘अहो, पण हे दोनशे वीस आले कुठून?’’

वाण्याचे बिल तपासणाऱ्या बाईचाच हा प्रश्न! मी शोधाला लागलो.

गोष्ट १९७०ची, अमेरिकेतली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत सॅम्युअल फॉक्स हे हृदयविकाराच्या विभागाचे प्रमुख होते आणि विल्यम हॅस्केल हे त्यांचे तरुण सहकारी. हृदयविकाराच्या रोग्यांनी व्यायाम किती जोरात करावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. एका बैठकीसाठी हॅस्केल यांनी दहाएक जुन्या अभ्यासांतले आकडे गोळा केले. त्यातली बरीच माणसे पंचावन्नच्या आतली. काही विड्या-सिगारेटी ओढणारी, काही हृदयरोगी. बैठकीला जाताना विमानात दोघांनी त्या ठिपक्यांमधून एक रेघ ओढली. विसाव्या वर्षी २००, चाळिसाव्या वर्षी १८०, साठाव्या वर्षी १६०. पाढ्यासारखे जुळले! झाले, २२० वजा वय. आपली मंडळी विमानात पेपरातले शब्दकोडे सोडवतात. या दोघांनी जगाच्या हृदयाचे सोडवले.

त्यांनी हा अटळ नियम म्हणून सांगितला नव्हता. पण सोपी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? सूत्र पाठ्यपुस्तकांत शिरले, व्यायामशाळांच्या भिंतींवर चढले आणि ठोके मोजणारी घड्याळे निघाली तेव्हा त्यांच्याही पोटात जाऊन बसले. पितृत्वाबद्दलही घोटाळा. काहींनी ते फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या नावावर चढवले. त्यांना विचारले तर ते म्हणाले, आपण यावर कधी संशोधन केलेलेच नाही! २००२ साली रॉबर्ग्ज आणि लँडवेअर या दोघांनी मूळ शोधायचा चंग बांधला. हाती काय लागले? या सूत्रामागे स्वतंत्र असे मूळ संशोधनच नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००१मध्ये, तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांमधल्या १८,७१२ माणसांचे आकडे एकत्र केले. त्यांचे सूत्र : २०८ वजा वयाच्या सात दशांश. चाळिशीला दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच, १८०. पुढे मात्र जुने सूत्र म्हाताऱ्यांना उगाच जास्त म्हातारे करते. मला नव्याने १६६ मिळाले. बायकांसाठी २०१०मध्ये गुलाटी यांनी वेगळेच सूत्र काढले : २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. म्हणजे हिच्या पंचावन्नाला जुने सूत्र १६५ देते, तर हे जेमतेम १५८.

तरीही माझे १६८ उरलेच. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. छातीला वायरी लावून त्यांनी मला सरकत्या पट्ट्यावर पळवले आणि डोळा ठेवून मोजले : १७४. ‘‘सूत्र सरासरी सांगते, काका. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. सायकलवर हा आकडा धावण्यापेक्षा थोडा कमीच येतो, कारण बूड सीटवर टेकलेले असते. छातीत दुखले तर मात्र घड्याळाकडे बघू नका, माझ्याकडे या.’’

म्हणजे १६०च्या सत्तर टक्क्यांवर, ११२ ठोक्यांवर, मी जो कडक सराव करत होतो, तो सराव नव्हताच! भाजीची हातगाडी मला मागे टाकून का जाते, हे कोडे तेव्हा उलगडले.

परवा पुन्हा जुना घाट चढलो. १६८ आले. या खेपेला सायकल आडवी टाकली नाही. वर पोचून चहा मागवला आणि मग आठवले, लॉकरची किल्ली कुठे आहे ते हिला अजून सांगितलेलेच नाही.