दगडाचे पाणी

कोरड्या मनाच्या किंवा मठ्ठ डोक्याच्या माणसाला आपण ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतो. जन्मभर पाण्यात राहूनही आत ओलावा म्हणून शिरला नाही, असा त्यातला टोमणा. आम्हा शाळामास्तरांच्या तोंडी तर हा शब्द फार. पण खरे पाहिले तर बिचाऱ्या गोट्यावर हा मोठाच अन्याय आहे. डोंगरावरून तुटून पडला तेव्हा तो वेडावाकडा, कानाकोपऱ्यांचा होता. पुराने त्याला लोटले, शेजारच्या दगडांनी ढकलले, वाळूने घासले. वर्षामागून वर्षे गेली आणि तो इतका गुळगुळीत झाला, की असाच एखादा गोटा बाणलिंग म्हणून आपल्या देव्हाऱ्यात जाऊन बसला. पाण्यापासून त्याच्याइतके कोण शिकले असेल?

दगड, वाळू, पाणी आणि वेळ या चार गोष्टींवर नदीचा हा कारखाना चालतो. दगडाला झिलई देण्याची माणसाची विद्याही याच चार गोष्टींची आहे. अलीकडे पुष्कळ मुलामाणसांना घरच्या घरी दगड घोटण्याचा छंद लागला आहे. त्यासाठी एक लहानसे यंत्र मिळते. दोन फिरत्या दांड्यांवर आडवे ठेवलेले रबरी पिंप, एवढाच त्याचा थाट. पिंपाचा दोन-तृतीयांश भाग खड्यांनी भरायचा, त्यात घासणारी भरड पूड घालायची, खडे जेमतेम बुडतील इतके पाणी ओतायचे आणि झाकण घट्ट लावून यंत्र सुरू करायचे. पिंप फिरते तसे खडे वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. या घसरण्यातच सारे मर्म आहे. पिंप फार वेगाने फिरले तर खडे आपटून फुटतात, फार हळू फिरले तर कोणी कोणाला घासतच नाही.

अशा चार पायऱ्या असतात आणि दर पायरीला साधारण आठवडा लागतो. पहिल्या भरड पुडीने कोपरे जातात, दुसऱ्या-तिसऱ्या बारीक पुडीने ओरखडे मिटतात, चौथ्या अतिसूक्ष्म पुडीने झिलई येते. मधल्या प्रत्येक वेळी खडे आणि पिंप अगदी निर्मळ धुवायचे. मागच्या पुडीचा एक कण जरी राहिला, तरी पुढच्या आठवड्याची मेहनत वाया जाते. आणखी एक पथ्य म्हणजे पंगत बरोबरीच्यांची हवी. गारगोटी व अकीक यांचा कठीणपणा मोजपट्टीवर सुमारे 7 भरतो. त्यांच्यात आपल्या सह्याद्रीतले मऊ, सुंदर स्फटिक टाकले, तर महिन्याअखेर त्यांचा चिखल तेवढा हाती येतो.

ही झिलई म्हणजे तरी काय? ओढ्यातला ओला खडा किती रंगीत दिसतो, आणि तोच खिशात घालून घरी आणला की कसा फिका पडतो, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. खड्याच्या अंगावर असंख्य बारीक ओरखडे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश विखुरतो आणि आतला रंग झाकोळतो. पाणी त्या खाचा भरून काढते म्हणून रंग दिसतो. ओरखडेच नाहीसे केले, की खडा कायमचा ओला दिसू लागतो. मोत्याला आणि हिऱ्याला ‘पाणी’ असते असे आपले सराफ म्हणतात, ते उगाच नव्हे.

या छंदाला लागणारे उत्तम खडे महाराष्ट्राच्या पायाखालीच आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका त्यांत थराथराने साचत गेली आणि पट्ट्यापट्ट्यांचा अकीक तयार झाला. काळा कातळ झिजला तसे हे कठीण खडे सुटे होऊन नद्यांच्या पात्रांत आले. गोदावरीच्या वाळवंटात ते आजही सापडतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रमार्गांची जी माहिती लिहून ठेवली, तिच्यात या खड्यांचा उल्लेख आहे. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून, तेथून असले दगड गाड्या भरभरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येतात, असे तो सांगतो. तगर म्हणजे आपले तेर. तेथून कापड जाई, पैठणाहून दगड जात. पैठणीच्या गावाची जुनी कीर्ती दगडांचीही होती, हे ऐकून कोणाला मौज वाटणार नाही!

पण हा धंदा त्याही फार आधीचा. खंबातच्या आखाताजवळ लोथल येथे 1955 पासून उत्खनन झाले, तेव्हा चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा मणी बनविण्याचा कारखानाच उजेडात आला. सिंधमधील चान्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांना 1935-36 साली असाच कारखाना सापडला. तांबड्या अकिकाचे बोटभर लांबीचे मणी तेथे घडत, आणि तसलेच मणी इराकमधील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत. अशा मण्याला आरपार भोक पाडणे हे महाकठीण काम. त्या काळच्या दगडी गिरमिटासारखी गिरमिटे वापरून संशोधकांनी प्रयोग केले, तेव्हा तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती झाली. बोटभर मण्याला किती दिवस लागले असतील, याचे गणित घरातल्या मुलांनी फराळ करता करता मांडून पाहावे.

लोथल ओस पडले, पण विद्या मेली नाही. ती आखाताच्या काठी, खंबात शहरात नांदत राहिली. तिचा दगड येई तो भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून. तेथील टेकडीवर बावा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे, आणि अकिकाच्या धंद्याचा आद्य पुरुष म्हणून त्याला मान दिला जातो. खाणीतला दगड आधी उन्हात वाळवीत, मग मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या आचेवर भाजीत. दगडातील लोहाचे रूप त्या उष्णतेने पालटते आणि मातकट पिवळा खडा लालबुंद होतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसानेही खंबातच्या या कारागिरीविषयी लिहून ठेवले आहे. येथले मणी अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत जात.

आता छंदिष्टांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट. मुंबई इलाख्याच्या 1880 सालच्या गॅझेटियरमध्ये खंबातचे मणी घोटण्याची रीत दिली आहे. घडलेले मणी चामड्याच्या मजबूत पिशवीत भरीत. त्यांत कुरुंदाची पूड घालीत, पिशवी पाण्याने ओली ठेवीत आणि तोंड घट्ट बांधीत. मग दोन माणसे खोलीच्या दोन टोकांना समोरासमोर बसत आणि वादीच्या साहाय्याने ती पिशवी इकडून तिकडे, तिकडून इकडे लोळवीत. असे दहा ते पंधरा दिवस! आजचे रबरी पिंप ते हेच. चामड्याच्या जागी रबर आले आणि दोन माणसांच्या जागी विजेची मोटर आली. कुरुंदाच्या जागी भरड पूड आली ती एडवर्ड अॅचेसन या अमेरिकनाने 1891 साली भट्टीत तयार केलेल्या कार्बोरंडमची. त्या नावातही आपला कुरुंद लपलेला आहे, कारण इंग्रजी ‘कोरंडम’ हा शब्द मुळात दक्षिण भारतातून गेलेला आहे.

अशीच दुसरी पेठ जर्मनीत ईडार-ओबरश्टाइन येथे होती. तेथील कारागीर पाण्यावर फिरणाऱ्या प्रचंड दगडी चाकांपुढे लाकडी घोडीवर पालथे पडून, छातीचा भार देऊन अकीक घाशीत. गावचा दगड संपत आला तेव्हा ब्राझीलला गेलेल्या त्यांच्याच भाईबंदांना 1834 च्या सुमारास तेथे अकीक सापडला आणि धंदा तगला. माल तगला, माणसे मात्र लवकर खचत. त्यांच्या छातीत धूळ बसे.

ही धूळ म्हणजे या चकाकीची काळी बाजू. पिशवीत किंवा पिंपात दगड ओला असतो, म्हणून तेथे धोका कमी. पण पिशवीत जाण्याआधी मणी फोडावा लागतो, चाकावर घासून त्याला आकार द्यावा लागतो. विजेवर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर हे काम कोरडे केले, की सिलिकेचा धूर उठतो. त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जाऊन रुततात, तेथे व्रण होऊन ऊतक घट्ट होते आणि श्वास अपुरा पडू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. क्षयाला तो दार उघडून देतो, आणि एकदा झाला की त्यावर उतारा नाही. खंबातमध्ये हे काम पुष्कळदा घरीच चाले. त्यामुळे घासणारा कारागीरच काय, त्याच घरात वावरणारी बायकामुलेही या धुळीच्या तावडीत सापडली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या तपासण्या केल्या आहेत, धूळ ओढून घेणारी साधनेही सुचविली आहेत. उपाय अवघड नाही. दगड ओला ठेवून घासावा, किंवा धूळ उडताक्षणी ओढून घ्यावी. पण नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला एवढी उसंत आणि एवढा खर्च कोणी द्यायचा? चार हजार वर्षे ज्यांनी जगाच्या गळ्यात माळा घातल्या, त्यांच्या वाट्याला हे यावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

म्हणून या छंदाला हात घालणाराने दोन नियम गाठीशी बांधावेत. दगड कोरडा फोडू नये, कोरडा घासू नये. आणि पिंपातला गाळ मोरीत ओतू नये, तो थिजून नळी बंद करतो. एका पसरट भांड्यात निवळू द्यावा आणि ओला असतानाच बांधून टाकून द्यावा. बाकी सारे काम वेळ करील.

दिवाळीच्या सुटीत मुले नदीकाठी जातील, खिसे भरून खडे आणतील. आयांनी ते लगेच उकिरड्यावर टाकू नयेत. चार आठवडे धीर धरला, तर त्यांतून काय निघेल ते मुलांना स्वतः पाहू द्यावे. आणि जत्रेत किंवा दुकानात अकिकाची माळ घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करण्याचा मोह झालाच, तर क्षणभर थांबावे. त्या मण्याची पुरेशी घासाघीस कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते.